तिचं उत्तर

शेजारच्या मुलीला सोबत म्हणून कुटुंब न्यायालयात गेलो होतो. मध्यस्थीच्या खोलीबाहेर ती आणि तिचा नवरा बाकाच्या दोन टोकांना बसले होते. त्याला ठसका लागला, तशी तिने न बघताच पाण्याची बाटली त्याच्याकडे सरकवली.

माझ्या सुमनच्या वेळी मी हट्टाने आत बसलो होतो. मध्यस्थ बाईंनी तिला विचारलं, "तुला नांदायचं आहे का?" ती बोलणार, तोच मी म्हणालो, "आमची मुलगी परत जाणार नाही." जावई तिच्याकडे बघत राहिला.

तेव्हापासून ती माझ्याकडेच आहे. आज घरी येऊन विचारलं, "सुमन, त्या दिवशी तू काय म्हणणार होतीस?"

भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "तुम्ही सांगितलंत ना, बाबा."