बिब्ब्याचे सव्वाशे

जुलैचा दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. रक्कम सव्वाशे रुपये. तारनाक्याच्या आमच्या घरी हजर तिघं: मी, माझी बायको आणि तिचे मामा.

बायकोच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात नखाशी पू झाला होता. तिला बारा वर्षांपासून साखर आहे. मी तिला दवाखान्यात नेणार होतो. मामा म्हणाले, "नक्को, जावईबापू! तिथं चाकू घेऊनच बसलेत. बिब्बा लावू. पुवाचा बापही जळून जातो."

मामा निवृत्त कारकून. पण त्यांच्या हाताला गुण आहे असं सगळं गणगोत मानायचं. फुकटचं औषध लागू पडत नाही म्हणून ते पूर्वी सव्वा रुपया घ्यायचे; चार आणे बंद झाले तसे सव्वाशे घेऊ लागले. घेतलेले पैसे परत केले की हाताचा गुण जातो, असंही तेच सांगायचे.

मी विचारलं, "आजवर कितीजण बरे झाले?"

"शंभरावर लोकांना लावला. एकही परत आला नाही."

परत न आलेले सगळे त्यांनी बरे झालेल्यांत धरले होते. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पैसे मीच दिले.

बेगम बाजारातून आणलेला बिब्बा सुईला टोचून त्यांनी दिव्यावर धरला आणि गळणारं तेल अंगठ्यावर सोडलं.

"झोंबतं का गं?"

"नाही, मामा."

"बघा!" ते मला म्हणाले.

साखरेनं तिचा पाय बधिर झालेला. झोंबणार काय?

चौथ्या दिवशी पाऊल घोट्यापर्यंत फोडांनी भरलं, अंगठा काळा पडला. डॉक्टर म्हणाले, "बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. पू त्यानं बरा होतो याला भरवशाचा पुरावा नाही." अंगठा काढावा लागला. मामा दवाखान्यात फिरकले नाहीत. निरोप मात्र आला: "पथ्य मोडलं असेल."

अंगठ्यापेक्षा हा निरोप मला जास्त लागला. मी नातेवाईक जमायची वाट पाहिली.

गणपतीच्या जेवणाला दिलसुखनगरला मामांकडे तेवीस माणसं होती. मामांची एक शेजारीण मोजा काढून टाच दाखवत होती आणि मामा सुई शोधत होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मामा, आमचे सव्वाशे परत द्या."

मामांचा चेहरा उतरला. "सव्वाशे रुपयांसाठी, जावईबापू? आज?"

"आजच. बरी झाली असती तर मागितले नसते."

"फोनवर पाठवतो."

"रोख द्या. तुमच्या हातानं."

शेवटी मामीच म्हणाल्या, "देऊन टाका हो. पोरीचा पाय बघा."

त्यांनी पाकीट काढलं आणि नोटा माझ्यापुढे धरल्या. "मला नको, तिला," मी म्हणालो. शंभराची नोट, विसाची नोट आणि पाचाचं नाणं मामांनी बायकोच्या तळहातावर ठेवलं. तिनं मोजून घेतलं. शेजारणीनं मोजा पुन्हा चढवला.