नरखेडच्या टेबलावरचे एक मिनिट

दौलतराव रामटेके यांना मी प्रथम पाहिले तेव्हा ते आमच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या दारात जेवणाचा डबा घेऊन उभे होते आणि शिपाई त्यांना आत सोडत नव्हता. डबा उघडून दाखवा, असे मी म्हटले. आत पोळीभाजी नव्हती. कापसात गुंडाळलेली घड्याळे होती, एकाशेजारी एक, अंड्यांसारखी जपून ठेवलेली.

"विकायला आलात?" मी विचारले. मी तेव्हा नुकतीच सुपरवायझर झाले होते आणि समोरच्याला खालच्या पायरीवर उभे करून बोलायची मला हौस होती.

"नाही मॅडम, घड्याळजी आहे मी, दुकान आहे माझं. वेळ पाहिजे होती. मोटार रॅलीची घड्याळं आहेत. तुमच्या मशीनच्या खोलीतलं घड्याळ गावात सर्वात पक्कं आहे म्हणतात. लावून घेतो अन् जातो."

"तुमचं स्वतःचं घड्याळाचं दुकान आहे ना? तिथे लावता येत नाहीत?"

"दुकानात माझी वेळ आहे, मॅडम. रॅलीले सर्वांची लागते."

मी त्यांना आत घेतले. पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात त्यांच्या स्वभावाबद्दल पुष्कळ जण पुष्कळ लिहितील. माझ्या मते त्यांचा सारा स्वभाव त्या एका वाक्यात होता आणि तो मला कळायला फार उशीर लागला.

नव्या वाचकांसाठी सांगते. दर डिसेंबरात नागपूरहून नरखेडला जाणारी आपली रॅली म्हणजे आजच्यासारखी धूळ उडवत पळापळ नव्हती. मोटारी एकेक मिनिटाच्या अंतराने सुटत आणि प्रत्येकीने नरखेडच्या टेबलापाशी आपापल्या ठरलेल्या मिनिटाला पोचायचे असे. उशीर झाला तर गुण कापले जात, लवकर आले तरी कापले जात. म्हणजे सारी शर्यत दोन घड्याळांवर उभी होती. एक नागपूरला, गाड्या सुटत तिथे. दुसरे नरखेडच्या अलीकडच्या वळणावर, कडुलिंबाखाली मांडलेल्या टेबलावर. त्या टेबलाशी दौलतराव बसत.

नागपूरच्या महाल भागात, एका गल्लीच्या तोंडाशी त्यांचे दुकान होते, दोन माणसे उभी राहिली की भरणारे. वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, त्यानंतर काही वर्षांनी ते सुरू केले. वडिलांच्या हाताखाली दौलतराव घड्याळ उघडायला शिकले. रॅलीच्या कामाचा त्यांनी कधी मोबदला घेतला नाही. आदल्या दिवशी एसटीने नरखेडला जायचे, मुक्काम करायचा, पहाटे टेबल मांडायचे, स्वच्छ चादर अंथरायची, घड्याळ मधोमध ठेवायचे.

आम्ही शौकीन मंडळी मागून पोचायचो. डबे, सतरंज्या, पोरेबाळे. आजूबाजूच्या बागांतली माणसे टोपल्या भरभरून संत्री आणत आणि ड्रायव्हरच्या हातात, खिडकीतून, मांडीवर टाकत. कोण पहिला आला याची चर्चा होई, पण घरी कोणी जात नसे, कारण दौलतराव टेबल उचलत नसत. शेवटची मोटार येईपर्यंत टेबल उठायचे नाही हा त्यांचा नियम होता. तो कुठल्याही पुस्तकात लिहिलेला नव्हता.

एका वर्षी काटोलच्या एका शाळामास्तरांची जुनी मोटार वाटेत दोनदा पंक्चर झाली. बक्षीस समारंभ उरकला, पाहुणे गेले. बागवाल्या अंजनाबाई टोपली घेऊन बसून होत्या.

"काहून भाऊ, येईन का ते गाडी आता? का मी आपली उठू?"

"निघाली आहे म्हणजे येईल, बाई. बसा."

"अन् नाहीच आली तं?"

"तं संत्री आपण खाऊ."

मोटार आली. मास्तर आणि त्यांच्या पत्नी दोघेही धुळीने पांढरे झाले होते. दौलतरावांनी पहिल्या मोटारीची वेळ ज्या अक्षरात लिहिली होती त्याच अक्षरात त्यांची वेळ लिहिली, सही केली आणि उठून नमस्कार केला. आम्ही टाळ्या वाजवल्या. अंजनाबाईंनी टोपलीच मोटारीत उलटी केली. मास्तरीणबाई रडत होत्या आणि संत्री गोळा करत होत्या.

हे सारे आम्हाला मिळाले होते. ते आम्ही कसे घालवले ते आता लिहिते. संपादकांनी मला गोड आठवणी लिहायला सांगितल्या आहेत. गोड लिहिण्याबद्दल माझी ख्याती नाही हे त्यांना ठाऊक असायला हवे होते.

नागपुरातल्याच जरीपटका वस्तीतले हरीश लालवानी हे गॅरेजवाले तेव्हा आम्हा सगळ्यांचे लाडके होते. आपल्या गावचा माणूस, गाडी स्वतः बांधलेली, हसरा चेहरा. त्या वर्षी ते ठरल्या मिनिटाला नरखेडला पोचले असे आम्ही डोळ्यांनी पाहिले, निदान आमच्या मनगटांवरच्या घड्याळांनी तरी. टेबलावर मात्र ते एक मिनिट उशिरा नोंदले गेले आणि रायपूरहून आलेला कोणी एक जण बरोबर वेळेवर ठरला. आमच्या हिशेबाने तो एक मिनिट आधीच येऊन बसला होता. कप रायपूरला गेला. लोक भराभर सतरंज्या गुंडाळून उठले.

मी घरी आले आणि वर्तमानपत्राला पत्र लिहिले. मला पत्रे लिहिता येतात. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी ते आम्हाला घोटून शिकवले होते: मुद्दा पहिल्या वाक्यात, डंख शेवटच्यात. माझे शेवटचे वाक्य असे होते: ज्या घड्याळजीला स्वतःचे मिनिट सांभाळता येत नाही, त्याच्या दुकानात आपली घड्याळे द्यावीत का, याचा नागपूरकरांनी विचार करावा. खाली रॅलीच्या शौकिनांच्या सह्या होत्या. मला प्रत्येकाच्या घरी जावे लागले नाही, लोक माझ्या घरी येऊन सही करून गेले.

नागपूरकरांनी विचार केला. दुकानात लोक जाईनासे झाले. माझ्या पत्राच्या आडून काहींनी दौलतरावांच्या आडनावाबद्दल, 'या लोकांच्या' हाती असली कामे देण्याबद्दलही बोलून घेतले. मी तसे लिहिले नव्हते, हे खरे. दार मी उघडले होते, हेही खरे.

पत्र छापून आल्याच्या चौथ्या दिवशी एक्स्चेंजमध्ये नव्याने लागलेली एक मुलगी कामाला बसता बसता म्हणाली, "मॅडम, आपली घडी एक मिनिट समोर आहे नं? मले रोज तसंच वाटून राहिलं."

ऑपरेटरांच्या खोलीतले भिंतीवरचे घड्याळ मीच एक मिनिट पुढे ठेवले होते. शाळेत घंटेच्या एक मिनिट आधी सिस्टर दारात उभ्या असत. तीच शिस्त मी माझ्या मुलींना लावत होते. मशीनच्या खोलीतले खरे घड्याळ वेगळे. आणि रॅलीच्या दिवशी सकाळी, माझी रात्रपाळी संपता संपता, नरखेडच्या पोस्टातून आलेला कॉल मला तेव्हा आठवला.

"मॅडम, रामटेके बोलतो. बरोबर वेळ सांगता का?"

मशीनची खोली वीस पावलांवर होती. थंडी होती, हातात चहाचा कप होता. मी मान वर करून भिंतीकडे पाहिले. "सात वाजून पाच."

"माझ्या घड्याळात सात वाजून चार आहेत, मॅडम."

"मग तुमचं घड्याळ मागे आहे, रामटेकेजी."

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी काटा पुढे सरकवला. स्वतःच्या हाताने लावलेल्या घड्याळापेक्षा त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. त्यानंतर त्या टेबलावर प्रत्येक मोटार एक मिनिट उशिरा नोंदली गेली. जो वेळेवर आला तो उशिरा ठरला, जो आधी आला तो वेळेवर ठरला.

मी अर्धी रजा टाकून महालात गेले. ते काचेवर मान वाकवून बसले होते, समोर एकच घड्याळ होते. मी बोलायला सुरुवात केली आणि त्यांनी भिंग डोळ्यावरून काढले.

"मले माहीत आहे, मॅडम. त्याच संध्याकाळी नागपूरच्या घड्याळाशेजारी माझं ठेवलं, तेव्हाच समजलं. समितीले सांगितलं, सर्वांचं एक मिनिट कमी करा, चूक माझी आहे. ते म्हणाले, कप देऊन झाला, पाहुणे गेले, आता नाही."

"तुमची चूक? तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?"

"नोंदीवर सही कोणाची आहे?"

"रामटेकेजी, मी आजच वर्तमानपत्राला लिहिते."

"अन् तुमच्या साहेबाले काय सांगाल? ड्यूटीवरची घडी पुढे केली म्हणून? सरकारी नोकरी आहे, मॅडम. माझं दुकान माझं आहे. मले कोण काढते?"

मी वाद घातला, पण फार नाही. घरी आई अंथरुणाला खिळलेली होती, मिळवती मी एकटी. ही कारणे खरी आहेत आणि पुरेशी नाहीत. मी पायऱ्या उतरले आणि गप्प राहिले. आयुष्यभर मी शिपायापासून साहेबापर्यंत कोणाला बोलायचे सोडले नाही. जिथे बोलायचे होते तिथे मात्र तोंड शिवून बसले.

दौलतराव स्वतः जरीपटक्याला लालवानींच्या गॅरेजात गेले. मिनिट दुरुस्त करून, खाली सही करून त्यांनी नोंदीचा कागद त्यांच्या हातात दिला आणि सांगितले की कप तुमचा होता. लालवानींनी तो कागद चौकटीत लावला. आजही तो तिथे आहे, जाऊन पाहा. लालवानी सांगत सुटले की माणूस सच्चा आहे. आम्ही शौकीन काय म्हणालो? बघा, चूक कबूल केली. पुढल्या वर्षी नोंदप्रमुख म्हणून दुसरा माणूस नेमला गेला. दौलतराव शेवटच्या मोटारींचे टेबल सांभाळायला तेवढे राहिले, कारण ते काम दुसऱ्या कोणाला नको होते.

त्या मिनिटापासून रॅलीवरचे आमचे प्रेम आंबट होत गेले. टेबलावर संशय घ्यायची आम्हाला चटक लागली. दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या नावाने ओरड. मग आम्ही म्हणालो, माणसे नकोत, यंत्र आणा. यंत्र आले. त्याच्याशी भांडता येईना, तेव्हा आम्हाला कंटाळा आला. मग म्हणालो, मिनिटे मोजण्यात काय मजा, वेग हवा. वेग आला, त्याबरोबर कठडे आले, पास आले, भोंगे आले. बागवाल्यांच्या मोटारसायकली अर्धा दिवस अडवून ठेवतात, त्यामुळे संत्री कोणी आणत नाही, शिव्या मात्र आणतात. पहिले तीन आले की रस्ता मोकळा करतात. मागची मोटार ट्रकांमधून वाट काढत येते आणि तिच्यासाठी तिथे कोणीही नसते. आता हीच शौकीन मंडळी माझ्या व्हरांड्यात बसून म्हणतात, रॅलीत काही राम उरला नाही. मी त्यांना चहा देते आणि विचारते, त्या पत्रावर तुमची सही होती ना? बहुतेकांना आठवत नाही. मला सगळ्यांची अक्षरे आठवतात.

दौलतरावांच्या चांगुलपणाची एक गोष्ट राहिली, आणि माझ्यासाठी तीच सगळ्यात मोठी आहे. त्या घटनेच्या पुढच्या डिसेंबरात, रॅलीच्या सकाळी, एक्स्चेंजमध्ये नरखेडहून कॉल आला. "मॅडम, रामटेके बोलतो. बरोबर वेळ सांगता का?" मी कप ठेवला, वीस पावले चालत गेले, वेळ पाहिली, परत आले आणि सांगितली. "बरं," ते म्हणाले. तेव्हापासून दरवर्षी तो फोन आला. मी निवृत्त झाल्यावर घरी येऊ लागला. त्यांच्या खिशातल्या मोबाईलवर सेकंदासकट वेळ दिसते. तरी ते मला विचारतात. माझ्यावरचा विश्वास उडालेला नाही, हे सांगायची ती त्यांची रीत आहे, आणि त्यावर मी एकदाही त्यांचे आभार मानू शकलेले नाही.

गेल्या डिसेंबरात फोन आला नाही. नव्या समितीने नरखेडचे टेबल बंद केले होते. आता तीच समिती त्यांना शाल देणार आहे, मंचावर बसवणार आहे आणि हा ग्रंथ काढते आहे. दौलतरावांनी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली: शाल नको, टेबल द्या. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. मागच्या महिन्यात मी त्यांना म्हटले, मी सगळे लिहिणार आहे. "आता कशाले, मॅडम? लोक विसरले." यंदा मी त्यांचे ऐकलेले नाही. ते मिनिट माझे होते. त्यांच्या नावावर ते फार वर्षे राहिले.

समितीची परवानगी येवो न येवो, येत्या डिसेंबरात त्या कडुलिंबाखाली टेबल लागेल. टेबल माझे, चादर माझी. अंजनाबाईंच्या सुनेला मी संत्र्यांचे सांगून ठेवले आहे. ज्यांनी त्या पत्रावर सही केली होती आणि ज्यांचे गुडघे अजून चालतात, त्यांनी एसटीने यावे आणि शेवटची मोटार येईपर्यंत बसावे.

दौलतरावजी, तुमचा हात असाच न थरथरता चालत राहो, डोळ्यांवरचे भिंग शंभरीतही तुम्हाला पुरो. नरखेडला मी आदल्या दिवशी तुमच्याबरोबर येणार नाही, मागून पोचेन. सकाळी सातला मी घरीच, फोनपाशी असेन. भिंतीवरचे घड्याळ मी बरोबर लावून ठेवले आहे.