उंबऱ्यावरून ऐकलेला तवा

आमच्या घरी मटण बाहेर शिजायचं. बाहेर म्हणजे अजनीच्या रेल्वे क्वार्टरच्या मागच्या अंगणात, कोळशाच्या शेगडीवर, आणि शिजवायचं ते वडिलांनी. आतल्या स्वयंपाकघरात देवांची फळी होती, तिथे ते चालत नसे. मटणाची भांडीही वेगळी, न्हाणीजवळच्या कोनाड्यात ठेवलेली. त्यांत एक बिडाचा तवा होता, सपाट, जाड बुडाचा, एका हाताने उचलला तर मनगट धरेल इतका जड.

हा तवा शेजारच्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हरने दिलेला. साठच्या दशकात ती मंडळी एकेक करून ऑस्ट्रेलियाला निघाली आणि जाताना सामान वाटत गेली. वडील रेल्वेत फिटर होते. त्यांच्या वाट्याला तवा आला आणि तव्यासोबत एक विद्या: मांसाचा बोटभर जाड तुकडा घ्यायचा, रस्सा नाही, वाटण नाही, नुसता तव्यावर भाजायचा. वडील त्या ‘स्टेक’ला ‘इस्टेक’ म्हणत. मूळ पदार्थ कोणत्या जनावराचा असतो ते त्यांना ठाऊक होतं, पण तो विषय आमच्या अंगणात निघत नसे. आमचा इस्टेक बकऱ्याच्या मांडीचा. खाटीक हाडासकट आडवा कापून द्यायचा आणि दर वेळी विचारायचा, “एवढे मोठे तुकडे शिजतीन काय गा?”

आई मटण खात नसे. खात नसे म्हणजे तिने सोडलं होतं. तिचं माहेर भिवापूरकडचं, मिरचीवाल्यांचं, आणि माहेरी ती भल्याभल्या बाप्यांना मागे टाकील इतकं मटण खायची, असं वडीलच सांगत. मी तीनेक वर्षांची असताना मला न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा ती माहेरच्या देवीला बोलली: पोरगी वाचू दे, तिचं लग्न होईपर्यंत मटणाचा घास तोंडात घालणार नाही. मी वाचले. देवीमुळे की पेनिसिलिनमुळे, यावर मी पुढे विज्ञान शिकवायला लागले तरी घरात वाद घातला नाही.

तिने सोडलं ते खाणं. हुकूम सोडला नव्हता. रविवारी शेगडी पेटली की ती मागच्या उंबऱ्यावर मेथी निवडत बसे, शेगडीकडे पाठ करून. पाहायचंही नाही, असा तिने आपल्या मनाने नियम वाढवून घेतला होता. पण कान उघडे असत.

“पुसले काय तुकडे कोरडे?” ती मेथीला विचारल्यासारखी विचारी.

“पुसले.”

“मंग तवा काहून रडून राहिला?”

तवा खरंच रडत असे. मांस ओलं असलं की चर्र असा आवाज न येता फसफस येते, तुकडा भाजण्याऐवजी उकडतो आणि राखाडी पडतो. वडील मुकाट्याने तुकडे काढून पुन्हा फडक्याने पुसत. मग तवा पुन्हा तापू द्यायचा. पाण्याचा थेंब टाकला तर तो वाफ न होता गोळी होऊन पळाला पाहिजे. आधी तुकड्याची चरबीची कड उभी धरून तव्यावर फिरवायची, तिच्याच सुटलेल्या चरबीत तो पुढे भाजला जातो. आणि एकदा टाकला की हात लावायचा नाही. वडिलांचं घोडं नेमकं इथे अडायचं. त्यांना उलथण्याने दाबल्याशिवाय राहवत नसे.

“अजी, दाबून काहून राहिले? सारं पाणी निघून जाते न त्याचं.”

“तुले काय दिसते तिकडून?”

“मले ऐकू येते न.”

आणि तिला ऐकू येत असे. सुरुवातीचा आवाज तिखट असतो. हळूहळू तो खाली बसतो, जाड होतो. तो बसला की ती म्हणे, “उलटवा आता.” वडील उलटवत आणि खालची बाजू गुळाच्या रंगाची झालेली असे. मला हे शिकायला पुढे बरीच वर्षं लागली आणि मी तव्याकडे तोंड करून शिकले.

उतरवल्यावर आणखी एक शिक्षा होती. तुकडे ताटात झाकून ठेवायचे. लगेच सुरी लावली तर रस ताटात सांडतो आणि खाणाऱ्याच्या तोंडात चिंधी येते. वडील झाकण उचलून बघत, आई पाठमोरीच म्हणे, “उतावळा नवरा, गुडघ्याले बाशिंग.” धाकटा भाऊ तोवर कापलेल्या कांद्यावरचं मीठ चाटून संपवत असे.

मग आम्ही तिघं जेवायचो आणि ती आत निघून जायची. एक गोष्ट कोणी शिकवली नव्हती पण सगळे पाळत: तिच्यासमोर चवीबद्दल बोलायचं नाही. चांगलं झालं असं म्हणायचं नाही, बिघडलं असंही नाही. जिला खाता येत नाही तिला काय सांगायचं!

माझं वय वाढत गेलं तसा माझ्या लग्नाचा प्रश्न हा मटणाचा प्रश्न होत गेला. आत्या आली की हमखास म्हणे, “मायच्या तोंडचा घास कधी मोकळा करशीन वं?” मला राग यायचा. देवीचा नाही, आत्याचा. स्थळं येत होती, मी पोहे देत होते, आणि मला कोणी आवडत नव्हतं. तोवर पारशिवनीच्या शाळेत नोकरी लागली होती. तिथे मी खोली घेऊन राहायचे, शनिवारी एसटीने घरी यायचे. मला ते आयुष्य पुरेसं वाटत होतं. आईचं वाईट वाटायचं, पण ते वाईट वाटणं लग्न करण्याइतकं मोठं नव्हतं.

तिशीच्या उंबरठ्यावर एका शनिवारी मी दोघांना सांगून टाकलं, की आता स्थळं बघू नका, मी लग्न करणार नाही. आईने ऐकून घेतलं आणि कुकर लावायला उठली. वडील माझ्याशी बोलेनासे झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेगडी पेटवली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तव्याला गंज धरायला लागला, आणि बिडाच्या तव्याला गंज म्हणजे आमच्या घरी सुतकच. वडिलांचा राग माझ्यावर होता की तिच्या अडकलेल्या नवसावर, हे त्यांनाही धड सांगता आलं नसतं.

मग आई एकटीच भिवापूरच्या गाडीत बसली आणि माहेरी जाऊन आली. आल्यावर पाय धुतले, पाणी प्यायली आणि वडिलांना म्हणाली, “उद्या मटण आणा. चार तुकडे.”

“चार?” वडिलांनी विचारलं.

“देवीले सांगून आली मी. म्हटलं, पोरगी वाचव म्हटलं होतं, ते तू केलं. लग्नाचं मीच वरून जोडलं होतं. ते मी वापस घेतलं.”

“मंग? देवी काय म्हणाली?”

“‘नाही’ तं नाही म्हणाली न.”

रविवारी ती पहिल्यांदा शेगडीसमोर, तोंड करून बसली. वडिलांनी तवा घासून, तेल चोळून तयार केला होता. तुकडे पडले. तिने डोळे रोखून बघितलं आणि घाईने म्हणाली, “उलटवा.” वडिलांनी उचलून पाहिलं तर तुकडा तव्याला चिकटलेला, कच्चाच. ती क्षणभर गोंधळली, मग सरळ वळून शेगडीकडे पाठ करून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, “आता.” या वेळी बरोबर होतं.

झाकण निघालं. वडिलांनी तिच्यासाठी छोटा घास कापला, कारण दाढा गेल्या होत्या. आम्ही कोणी ताटाला हात लावला नव्हता. ती बराच वेळ चावत होती.

तिने घास गिळला.

“मीठ कमी आहे,” ती म्हणाली.

“नेहमी एवढंच टाकतो,” वडील म्हणाले.

“नेहमी?” तिने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. भाऊ ताटात बघू लागला. “एवढे वर्ष असंच अळणी खाऊन राहिले काय तुम्ही सारे? मले सांगतलं काहून नाही?”

मिठाचा आवाज येत नाही, एवढंच खरं उत्तर होतं. ती उठली, आतल्या स्वयंपाकघरातून मिठाची बरणी घेऊन उंबरा ओलांडून आली आणि प्रत्येकाच्या ताटात चिमटी चिमटी मीठ टाकत गेली. मी घास खाल्ला.

“आता चांगलं लागते, आई,” मी म्हणाले. आमच्या अंगणात हे वाक्य कोणी मोठ्याने म्हणायची ती पहिलीच वेळ होती.