फळ्यावर माझा बाप

"तुझा बाप काय करतो?" सरांनी विचारलं. साऱ्या वर्गाला माहीत होतं. सरांनाही.

देवरीकडचं गाव. आठवीचा इंग्रजीचा तास. सर ॲडव्हर्ब शिकवत होते. क्रियापदाला 'कसं' म्हणून विचारा, उत्तर येईल तो ॲडव्हर्ब. प्रत्येकाने आपल्या वडिलांवर वाक्य सांगायचं. राइस मिलवाल्या शेठची मुलगी पहिल्या बाकावर. ती म्हणाली, "माय फादर स्पीक्स लाउडली." सर खूश. मग माझ्याकडे वळले. माझे बाबा त्याच मिलमध्ये हमाल.

"बाबा पोते उचलते," मी म्हटलं.

"ते राहू दे. शेठ लाउडली बोलतात, तेव्हा तुझा बाप काय करतो?"

वर्ग हसला. सरांनी स्वतःच फळ्यावर लिहिलं. माय फादर लिसन्स क्वाएटली. माझा बाप मुकाट्याने ऐकतो.

"वाच. सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे."

मी फळ्याजवळ गेले. तळहाताने अख्खं वाक्य पुसलं.

दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावणं. मिलमधून तसेच आले, अंगभर कोंडा. व्हरांड्यात सगळ्यांदेखत हात जोडले. "पोरगी नासमज आहे, गुरुजी. गलती झाली."

"आता तू," सर मला म्हणाले. "सॉरी म्हण अन् वर्गात बस."

"नाही म्हणणार."

वर्षभर इंग्रजीच्या तासाला मी बाहेर.

त्या दिवशी सायकलवरून घरी नेताना बाबा एवढंच बोलले, "कायले पुसलं बाई? खरंच तं होतं."

सरांच्या वाक्यापेक्षा हे लागलं. खरं होतं. पण बाप मुका जन्मला नव्हता. त्याला मुकं ठेवणारेच त्याचं उदाहरण देऊन शिकवत होते. सायकलच्या कॅरिअरवर मला ते उमगलं.

ॲडव्हर्ब मी व्हरांड्यात बसून शिकले, जुन्या फाटक्या पुस्तकातून. माय फादर वर्क्स हार्डली, असं लिहून बसले होते. त्याचा अर्थ तो कामच करत नाही असा होतो, हे मीच शोधलं. कोणी सांगायला आलं नाही.

इंग्रजी घेऊन बी.ए., मग बी.एड. झाले. घरात पहिली. कोणाच्या मेहेरबानीने नाही.

बदललं काय? काहीच नाही. मी गोंदियात तासिकेवर शिकवते. बाबा अजून पोत्याखालीच. सर मुख्याध्यापक झाले. त्यांच्या शाळेत इंग्रजीची जागा निघाली आहे. त्यांचा निरोप आला, जुनं विसरू, एकदा येऊन सॉरी म्हण.

"जाय ना बाई," बाबा म्हणतात. "पाया पड. काय जाते आपलं?"

जागा दुसऱ्या कोणाला मिळेल. पुढची निघेल असं वाटत नाही. बाबांची पाठ आणखी वाकेल. सगळं दिसून राहिलं आहे मला. तरी मी जाणार नाही.

मी उलटा निरोप धाडला आहे. माफी सरांनी मागायची आहे. घरी येऊन, बाबांसमोर. बाबा अंधार पडल्यावर मिलमधून येतात. तेव्हा यावं.