थारोळ्याभोवतीचे काटे

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं माहेरी सगळे म्हणत. चिखलीच्या बाजारात सकाळी कानावर आलेलं दुपारपर्यंत मी चार घरी पोचवलेलं असे. सासरी आल्यावरही जीभ तशीच राहिली. अशा बाईने एक गोष्ट आयुष्यभर पोटात ठेवली, हे कुणाला खरं वाटणार नाही. ती गोष्ट माशांची आहे, आणि आमच्या घरात तर माशाचं नावही चुलीपाशी काढत नसत.

आमचं गाव पिंपळगाव राजापासून दोन कोसांवर, नदीकाठी. नदी लहानच, पुढे पूर्णेला मिळते. उन्हाळ्यात ती तुटून तिची डबकी होत. गावाखालच्या डोहात मात्र पाणी राही आणि नदीतले मासे तिथे गोळा होत. चैत्रापासून पहिला पूर ओसरेपर्यंत डोहात जाळं टाकायचं नाही, असा भोयांचा रिवाज होता. तो चाले एका म्हाताऱ्या भोईणीच्या शब्दावर. सगळं गाव तिला मावशी म्हणे. पिंपळगावच्या बाजारात मासे विकणारी ही काटकी बाई, पण तिच्या जातीतले दांडगे गडीसुद्धा तिला विचारल्याशिवाय जाळं खांद्यावर घेत नसत.

एका उन्हाळ्यात सरकारी सडकेचं काम निघालं. दगड फोडायची सुरुंगाची दारू कामावरच्या कुणीतरी आणून डोहात उडवली. दुपारभर मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. खाण्याजोगे कामावरच्यांनी नेले, बाकीचे कुजले आणि डोहाचं पाणी नासलं. मावशीच्या सांगण्यावरून मी तहसीलदाराला अर्ज लिहिला, कारण चौथी शिकलेली सून गावात मी एकटीच. उत्तर आलं नाही. नागपूरच्या सरकारला आमच्या वऱ्हाडातला कापूस तेवढा दिसे.

"मोठा मासा लहान माशाला गिळतो, मावशी," मी तोऱ्यात म्हणाले. ही म्हण मी तेव्हा ऊठसूट वापरत असे.

वरच्या डबक्यांत बोटबोटभर रुपेरी पिल्लं अजून जिवंत होती. मावशी त्यांना बियाणं म्हणे. डबकी आठवड्याभरात आटणार होती. ती आमच्या अंगणाबाहेर येऊन उभी राहिली.

"बाई, तुमच्या हिरीत ठेवू द्या. पूर आला का नेईन मी. एवढं बियाणं गेलं तं नदीत काहीच रायनार नाही. मंग माह्यं तरी कोन आयकन?"

मळ्यातली आमची विहीर पायऱ्यांची होती, कधी न आटणारी. सासरे ऐकून भडकले. "भोईन आपल्या पायऱ्या उतरन? पेयाचं पानी हाय ते!" मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी परवानगी दिली, पण एका अटीवर: मावशीने बांधाच्या आत यायचं नाही, मासे घरच्याच माणसाने सोडायचे. मी जिंकले म्हणून केवढी फुशारले होते! जिला मासे कळत होते ती बांधावर राहिली, आणि जिने मासा कधी हातात धरला नव्हता ती विहिरीत उतरली.

मावशीने पाच घागरी बांधावर आणून ठेवल्या. एकीच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं.

"त्याच्यात दोन मरळी हायेत. त्या हिरीत नका सोडू बाई, थारोळ्यात सोडा. नदीले त्या बी लागतात, पन येगळ्या ठेवा." एवढं सांगून ती घाईने उरलेल्या डबक्यांकडे गेली.

थारोळं म्हणजे मोटेचं पाणी पडतं ते दगडी टाकं, विहिरीच्या काठावरच. मी चार घागरी विहिरीत रिकाम्या केल्या आणि पाचवी घेऊन थारोळ्यापाशी आले. पाण्यात हात घातला तर ते उन्हाने कोमट झालेलं. फडकं सोडलं. हातभर लांबीचे दोन मासे वर तोंड काढून श्वास घेत होते. मला त्यांची फार दया आली. या मुक्या जिवांना उन्हात का शिजवायचं? मावशीचं आपलं काहीतरी, असं मनात म्हणाले आणि त्यांनाही गार पाण्यात सोडून आले. आमच्या घरी मासा म्हणजे मासा, सगळे सारखे बिचारे. त्यातला एक दुसऱ्याला खातो, हे मी शंभरदा बोलले होते आणि एकदाही खरं मानलं नव्हतं.

दर आठवड्याला मावशी बांधावरून विचारी, "हायेत ना बाई?" मी सांगे, "हाव, मजेत आहेत."

पहिला पूर ओसरला त्या सकाळी ती घागरी घेऊन आली. दोन-चार भोई सोबत होते. सासरेही येऊन उभे राहिले. मी धोतराचा धडपा घेऊन खाली उतरले. पाणी स्वच्छ होतं. तळातून दोन मरळी वर आल्या, मांडीएवढ्या जाड झालेल्या, आणि श्वास घेऊन पुन्हा खाली गेल्या. बाकी काही हललं नाही. मी कितीदा तरी धडपा फिरवला. तेव्हा मला कळलं, आणि पायऱ्यांवर बसून रडावंसं वाटलं.

वर येऊन म्हणाले, "मावशी, पिल्लू एकही नाही. दोन मरळीच आहेत."

"मरळी हिरीत कशा? थारोळ्यात सोडल्या होत्या ना?"

मी तोंड उघडलं. सासरे माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात मावशीनेच कपाळावर हात मारून घेतला. "मरळ ओल्या भुईवर चालते, बाई. अवकाळी पडला तवा थारोळ्यातून निंघून हिरीत पडल्या असतीन. भोवतानं काटे लावाले मीच सांगतलं नाही. होय ना?"

"हो," मी म्हणाले.

सासरे हसले. "भोयाच्या बाईले मासे कळत नाही, तं कोनाले कळतीन?" सोबतचे भोईही हसले. त्याच आठवड्यात भोयांनी मावशीला न विचारता डोहात जाळी टाकली. खालून पूर्णेकडून जे थोडे मासे अंडी घालायला चढून आले होते, ते पोटातल्या अंड्यांसकट बाजारात गेले. अंडी घालेपर्यंत तरी थांबा, म्हणून ती काठावरून ओरडत राहिली. कुणी वळूनही पाहिलं नाही.

पुढच्या चैत्रात ती एकटीच आली, एक घागर घेऊन. ते बियाणं तिने वडनेर भोलजीच्याही पुढून, पूर्णेवरून पायी आणलं होतं. विहिरीतल्या मरळी काही केल्या हाती लागल्या नव्हत्या, म्हणून तिने फक्त थारोळं मागितलं. पायऱ्या उतरायच्या नव्हत्या, म्हणून सासऱ्यांनी या वेळी तिला बांधाच्या आत येऊ दिलं. घागरीत मरळ एकही नव्हती. तरी पिल्लं सोडण्याआधी तिने बोरी-बाभळीच्या फांद्या तोडून आणल्या आणि थारोळ्याभोवती दाट कुंपण रचायला बसली. तिच्या बोटांतून रक्त येत होतं. मी एकेक फांदी तिच्या हातात देत होते.

"औंदा माह्या हातून चूक नाही होऊ देनार, बाई," ती म्हणाली.

मी पुढची फांदी उचलून दिली.