साहेबापुढं रिकामा कलश

बेला गावाकडच्या लेकीबायांनो, बोलून राह्यली मी, टाइप करते नात. चूक दिसली तर तिलेच बोला.

आज आमच्या गल्लीत नळाचं उद्घाटन होतं. सगळ्यात म्हातारी मी, म्हणून साहेबाच्या स्वागताचा कलश माझ्याकडं आला. सून म्हणे, "आई, वावरातल्या विहिरीवरून पाणी आणलं, भरून देऊ?"

मले लय वर्षांआधी आमचं महसूल मंडल नवीन झालं तवाचं आठवलं. हापशाच्या उद्घाटनाले मी असाच भरला कलश घेऊन उभी होती. घरातलं प्यायचं पाणी होतं ते. साहेबानं नारळ फोडला, त्याच पाण्यानं हात धुतले अन् जीपमधी बसला. हापसा नुसता खोकत राह्यला. लेकरं तहानेनं रडत निजली.

म्हणून आज मी रिकामाच कलश नेला.

सरपंच वरडला, "आजी, रिकामं भांडं घेऊन सामोरं येता? अपशकुन होते ना!"

म्या म्हटलं, "काऊन रे बाबा? नळ तुमचा, पाणी तुमचं. भरा की."

साहेबानं तोटी फिरवली. नुसती हवा आली.

आता सारी गल्ली म्हणून राह्यली, आजीच्या अपशकुनानं पाणी गेलं.

मंग तुमीच सांगा बायांनो, तवा तर माझा कलश काठोकाठ भरला होता ना?