आधी माझं, मग कुत्रीचं

"आवं, तांब्या सरळ धरा, पायावर पानी सांडतंय."

बायकोचं माझ्याशी शेवटचं बोलणं हे. सकाळची वेळ. ती पायरीवर बसलेली, कुत्रीची हनुवटी तिच्या मांडीवर, बोटाला जुन्या लुगड्याची ओली चिंधी. कुत्रीचा ओठ वर करून ती दाढा पुसत होती आणि मी तांब्या धरून उभा होतो. रोजचंच काम. मी तांब्या सरळ धरला. दुपारी जेवून ती आडवी झाली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय.

मी चौथी शिकलेला माणूस. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलण्यात जन्म गेला. लिहायची सवय नाही. पण मी एक काम असं केलंय की ते लिहून ठेवलंच पाहिजे.

बायको जतकडची. तिच्या बापाची मेंढरं होती. त्यांच्यामागचं कुत्रं म्हातारपणी तोंड सडून मेलं. पुढ्यात भाकरी, पण चावता येईना. हे तिनं लहानपणी डोळ्यानं बघितलेलं. म्हणून आमची कुत्री पिल्लू असल्यापासून नऊ वर्षं बायकोनं तिचे दात रोज पुसले. गल्ली हसायची. मी पण हसायचो, खोटं कशाला लिहू.

दिवसकार्य झालं, लेक शिरवळला सासरी परत गेली. घरात मी आणि कुत्री. दात पुसायचं माझ्या ध्यानातच नाही. तीनचार महिन्यांत तिच्या तोंडाला लय वास यायला लागला. भाकरी एकाच बाजूनं चावायची, घास खाली पडला की त्याला रक्त लागलेलं. ओठ उचलायला गेलो तर गुरगुरली, पण दिसायचं ते दिसलं. हिरड्या लालभडक.

मग मी माझी अक्कल चालवली. जन्मभर हळद वाहिली, हळदीनं काय बरं होत नाही? हळद-मीठ तेलात कालवलं, कुत्रीला खांबाला बांधलं आणि हिरड्यांवर थापलं. तिनं माझा अंगठा फोडला. मला सुया घ्याव्या लागल्या आणि तिचं तोंड पिवळंधमक झालं. शेजारी माझ्यासारखाच थकलेला हमाल राहतो. तो दारात उभा राहून म्हणाला, "काय रं, कुत्रीचं लगीन काढलंस व्हय? नवरदेव कुठला?"

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाची. पिवळं तोंड बघून तिनं हसू दाबलं. खायला काय देता, विचारलं. मी ऐटीत सांगितलं, रविवारची मटणाची नळी देतो, हाडानं दात साफ होतात. तिनं मला दाखवलं, एका दाढेचा टवका उडालेला होता. म्हणाली, हाडानं हे होतं. मग हिरड्या तपासल्या, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"बाबा, दात अजून हलत नाहीत. दोन महिने रोज घासा, हिरड्या निवळतील. नाही निवळल्या तर भूल देऊन दाढा काढाव्या लागतील. आणि हिचं हृदय कमजोर आहे. भूल सोसेल असं मी सांगू शकत नाही."

बायकोचं पण हृदयच. एकदा तांब्या धरून नुसता उभा राहिलो होतो. आता तसं चालणार नव्हतं.

डॉक्टरीणबाईनं मऊ ब्रश दिला, कुत्र्यांची पेस्ट दिली. आपली पेस्ट चालत नाही, कुत्रं थुंकत नाही, गिळतं. सगळं समजलं. पण कुत्रीला कोण समजावणार? चिंधी दाखवली की ती खाटेखाली. गोंजारून झालं, दम देऊन झालं. बायको तिला कानडीत "बा, बा" म्हणून बोलवायची, तसं पण बोलवून बघितलं. कुत्रीनं माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

असे दहा दिवस गेले. एका सकाळी माझी कवळी टोचत होती. पायरीवर बसलो, कवळी काढून वाटीत ठेवली आणि बोटानं हिरडी चोळायला लागलो. कुत्री खाटेखालून आली, समोर बसली आणि हनुवटी माझ्या गुडघ्यावर ठेवली. ओठ सैल सोडलेला.

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. बायको रोज पायरीवर बसून आधी स्वतःच्या दातांना मिश्री लावायची, चूळ भरायची, हात धुवायची, मग कुत्रीला घ्यायची. नऊ वर्षांत हा क्रम एकदा मोडला नाही. कुत्रीला तो पाठ होता. तांब्या धरणाऱ्या गड्यालाच नव्हता.

मी हात धुतला, चिंधी गुंडाळली आणि ओठ हळूच वर केला. पहिल्या दिवशी नुसते पुढचे दात. आठवड्यानं सुळे, मग मागच्या दाढा. पुढं ब्रश पण चालला. एक दिवस चुकवला नाही. शेजारी म्हणाला, "तुझ्या तोंडात एक दात न्हाई आन् कुत्रीचं घासत बसतोस?"

मी म्हटलं, "माझं राखायला कोन न्हवतं रं."



दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाईनं ओठ उचलला. हिरड्या गुलाबी. दाबून बघितल्या, रक्त नाही. म्हणाली, भूल नको, दाढा नकोत, टवका उडालेल्या दाढेवर फक्त नजर ठेवा. मी रिक्षा केली नाही. कुत्रीला घेऊन यार्डातनं चालत आलो, आणि ओळखीचा हमाल दिसला की थांबून ओठ वर करून दाखवला. पंचावन्न वर्षांच्या कामात कधी एवढी छाती काढून त्या रस्त्यानं चाललो नव्हतो. शेजाऱ्यानं तर वाकून, चष्मा लावून बघितलं. कुत्रीनं बघू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बायको गेल्यापासून बंद असलेली तिची पेटी उघडली. तिनं कापलेल्या चिंध्या संपल्या होत्या. तळातलं सगळ्यात मऊ लुगडं काढलं, पायरीवर तिच्या जागेवर बसलो आणि टर्रकन फाडलं. आवाज ऐकून कुत्री धावत आली, हनुवटी गुडघ्यावर.

"थांब गं," मी म्हटलं आणि कवळी काढली. "आधी माझं."